सिस्टीममध्ये दिसतंय म्हणून ते खरंच, असं का धरायचं?

माणूस म्हणतोय माझा हिशोब बरोबर आहे आणि कॉम्प्युटर म्हणतोय चुकला आहे, अशा वेळी पुरावा कोणी आणायचा? हा प्रश्न बरीच वर्षं माझ्या डोक्यात आहे आणि आज जरा सविस्तर लिहायचंय. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम करते. दिवसभर माझं काम हेच की प्रोग्रॅम कुठे चुकतो ते शोधायचं, आणि सापडत नाही असा दिवस क्वचित. कुठलंही प्रॉडक्ट रिलीज होतं तेव्हा त्याच्यासोबत माहीत असलेल्या बग्सची एक यादी असतेच, काही पुढच्या रिलीजला ढकललेले, काही "आमच्याकडे रिप्रोड्यूस होत नाही", म्हणजे आम्ही करून बघतो तेव्हा ती चूक येत नाही, म्हणून बंद केलेले, काही कोणाला वेळ नाही म्हणून नुसतेच पडून राहिलेले. ही काही लपलेली गोष्ट नाहीये, या लाइनीतल्या कोणालाही विचारा. पण तेच सॉफ्टवेअर एखाद्या सरकारी खात्यात किंवा कोर्टात पोचलं की त्याचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ होते आणि समोरच्याला सांगितलं जातं, सिस्टीममध्ये असं दिसतंय, आम्ही काय करणार.

इंग्लंडमध्ये तर हे कायद्यानेच असं आहे. तिथे १९८४ च्या पोलीस अँड क्रिमिनल एव्हिडन्स ॲक्टमध्ये कलम ६९ होतं, त्याप्रमाणे फौजदारी खटल्यात कॉम्प्युटरचा कागद पुरावा म्हणून द्यायचा असेल तर तो कॉम्प्युटर त्या वेळी नीट चालत होता हे पुरावा देणाऱ्याने दाखवायचं. हे दर वेळी करणं फार कटकटीचं होतं अशी तक्रार होती, लॉ कमिशनने १९९७ मध्ये ते काढून टाकायची शिफारस केली आणि १९९९ च्या कायद्याने ते कलम गेलं. मग उरला जुना नियम, घड्याळं, ट्रॅफिक सिग्नल असल्या यंत्रांसाठी कोर्ट जो वापरत आलं होतं तो, की यंत्र बरोबरच चाललं होतं असं धरून चालायचं आणि कोणाला शंका असेल तर त्याने ती दाखवून द्यावी. घड्याळ बिघडलं तर ते मागे पडतं, बंद पडतं, कोणाच्याही लक्षात येतं. सॉफ्टवेअर बिघडतं तेव्हा बहुतेक वेळा सगळं छान चालू दिसतं, स्क्रीन नीट, प्रिंट नीट, फक्त आकडा चुकीचा. दोन्हीला एकच नियम लावला ही माझ्या मते फार मोठी चूक होती. आणि वेळ अशी की त्याच १९९९ साली ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसने आपल्या शाखांमध्ये होरायझन नावाची अकाउंटिंग सिस्टीम बसवायला सुरुवात केली.

होरायझनबद्दल बऱ्याच जणांनी २०२४ च्या सुरुवातीला त्यावरची टीव्ही मालिका आली तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, पण कॉम्प्युटर वीकली या साप्ताहिकाने हे २००९ मध्येच छापलं होतं. थोडक्यात सांगायचं तर तिथल्या शाखा चालवणारे सबपोस्टमास्टर हे स्वतःचं छोटं दुकान आणि त्यातच पोस्टाचा काउंटर असे लोक, आणि त्यांच्या करारात होतं की हिशोबात तूट आली तर ती त्यांनी भरायची. होरायझन आल्यावर तुटी दिसायला लागल्या. पोस्ट ऑफिसला स्वतः खटले भरायचा अधिकार असल्यामुळे तक्रारदार तेच, तपास करणारे तेच आणि फिर्यादी वकीलही त्यांचेच. १९९९ ते २०१५ या काळात ९०० च्या वर लोकांना शिक्षा झाल्या, चोरी, फसवणूक, खोटा हिशोब असल्या आरोपांखाली, त्यातले जवळपास ७०० खटले पोस्ट ऑफिसने स्वतः चालवलेले.

यातली एकच केस जरा जवळून बघूया. हॅम्पशायरमधल्या साउथ वॉर्नबरो गावात शाखा चालवणाऱ्या जो हॅमिल्टन नावाच्या बाईंची. एक दिवस त्यांच्या शाखेत २००० पौंडांची तूट दिसली. त्यांनी हेल्पलाइनला फोन लावला, पलीकडची व्यक्ती सांगेल तशी बटणं दाबत गेल्या आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ती तूट दुप्पट झाली, ४००० च्या वर. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा टेस्टर म्हणून माझ्या अंगावर काटा आला, कारण आमच्याकडे असा फोन आला तर तो सगळ्यात मोलाचा बग रिपोर्ट असतो हो, युजर फोनवर आहे, स्टेप्स माहीत आहेत, आधीचा आकडा माहीत आहे, नंतरचा माहीत आहे, यापेक्षा जास्त काय हवं? तिथे काय झालं, तर त्यांनाच पैसे भरायला सांगितले. घर पुन्हा गहाण टाकलं, तरी तुटी येतच राहिल्या, शेवटी ३६००० पौंडांच्या चोरीचा आरोप आला. चोरीचा आरोप मागे घेतला जाईल आणि तुरुंग टळेल म्हणून त्यांनी खोटा हिशोब दाखवल्याचा गुन्हा कबूल केला. गावातल्या लोकांनी वर्गणी काढून पैसे भरायला मदत केली. एप्रिल २०२१ मध्ये कोर्ट ऑफ अपीलने एका दिवसात ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या त्यात त्यांचं नाव होतं.

पण मला सगळ्यात जास्त चीड येते ती बगची नाही, बग असणारच. चीड येते ती याची की हेल्पलाइनला फोन करणाऱ्या कितीतरी लोकांना सांगण्यात आलं की हा प्रॉब्लेम फक्त तुम्हालाच येतोय, बाकी कोणालाच नाही. आणि त्याच वेळी होरायझन चालवणाऱ्या फुजित्सूकडे "नोन एरर लॉग" नावाची नोंदवही होती, कुठला बग कधी दिसला, कुठल्या शाखेत, काय लक्षणं, सगळं. २०१९ मध्ये माजी सबपोस्टमास्टर ॲलन बेट्स आणि बाकीच्यांनी मिळून एकूण ५५५ जणांनी लढवलेल्या दाव्यात हे लॉग बाहेर आले. बाहेर बसून फुजित्सूचे लोक शाखेच्या हिशोबात बदल करू शकतात आणि शाखेतल्या माणसाला पत्ताही लागत नाही, हेही तसंच. वर्षानुवर्षं ते शक्यच नाही असं सांगितलं जात होतं, फुजित्सूचे माजी कर्मचारी रिचर्ड रोल यांनी २०१५ मध्ये बीबीसीवर येऊन सांगितलं की आम्ही हे करायचो. न्यायमूर्ती फ्रेझर यांनी डिसेंबर २०१९ च्या निकालात लिहिलं की पोस्ट ऑफिसचं हे बग नाकारणं म्हणजे एकविसाव्या शतकात पृथ्वी सपाट आहे म्हणण्यासारखं आहे.

आता त्या "शंका असेल तर तुम्ही दाखवा" नियमाकडे परत या. दुकान चालवणाऱ्या बाईने दाखवायचं कसं? सोर्स कोड तिच्याकडे नाही, लॉग तिच्याकडे नाहीत, दुसऱ्या शाखेत काय झालं ते तिला माहीत नाही, बग्सची यादी आहे हेच तिला माहीत नाही. जो पुरावा लागतो तो सगळा समोरच्या पार्टीच्या कपाटात. असं असताना पुराव्याचं ओझं तिच्यावर टाकणं म्हणजे निकाल आधीच लागल्यासारखा आहे, आणि हे कुठल्या कोडमधून आलं नाही, हे माणसांनी बसून ठरवलेलं धोरण आहे.

ऑस्ट्रेलियाचं रोबोडेट, म्हणजे सरकारी भत्ता जास्त घेतला असं ठरवून लोकांकडून वसुली करणारी सिस्टीम, तर याहून साधं. साधं म्हणजे त्यात बग नव्हताच, जे गणित करायला सांगितलं तेच सिस्टीमने केलं. तिथे बेकारी किंवा शिक्षणासाठी भत्ता घेणाऱ्यांना दर पंधरवड्याला आपली कमाई कळवावी लागायची. टॅक्स ऑफिसकडे मात्र वर्षाचा आकडा. समजा एका मुलीने वर्षातले पहिले १३ पंधरवडे नोकरी केली, दर पंधरवड्याला २००० डॉलर, एकूण २६००० डॉलर. मग नोकरी गेली, पुढचे १३ पंधरवडे कमाई शून्य, तिने भत्ता घेतला आणि फॉर्मवर खरं तेच लिहिलं, शून्य. सिस्टीमने २६००० भागिले २६ केलं, आलं १०००. म्हणजे सिस्टीमच्या मते तिने भत्ता घेतला त्या प्रत्येक पंधरवड्यात १००० डॉलर कमावले आणि लपवले. झालं, कर्जाची नोटीस. आणि नोटिशीत हे भागाकाराचं गणित धड लिहिलेलं नसायचं, तुमच्या माहितीत तफावत आहे, खुलासा करा, नाहीतर एवढे एवढे डॉलर भरा. खुलासा म्हणजे काही वर्षांपूर्वीच्या, कधीकधी बंद पडलेल्या दुकानातल्या पगाराच्या स्लिपा.

आधी हे काम कर्मचारी करायचे, तफावत दिसली की मालकाकडे चौकशी करायचे. २०१६ पासून तो माणूस मधून काढला आणि आठवड्याला २०००० पत्रं जायला लागली. खात्याच्या स्वतःच्या वकिलांनी २०१४ मध्येच सांगितलं होतं की असं सरासरी काढून कर्ज ठरवणं कायद्यात बसत नाही. सरकारी निर्णयांविरुद्ध दाद मागायच्या ट्रायब्युनलवरचे प्रोफेसर टेरी कार्नी यांनी २०१७ मध्ये एकामागून एक केसमध्ये हेच म्हटलं. सरकारने त्या निकालांवर अपील केलं नाही, अपील केलं असतं तर वरच्या पातळीवर जाहीर निकाल आला असता, तो आला नाही आणि पत्रं जातच राहिली. शेवटी २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये फेडरल कोर्टात सरकारने मान्य केलं की हे बेकायदेशीर होतं. २०२० मध्ये ४ लाख ७० हजार कर्जं परत करायचं ठरलं, रक्कम ७२ कोटी डॉलरच्या वर. जुलै २०२३ मध्ये याच्या चौकशीसाठी नेमलेल्या कॅथरीन होम्स यांच्या रॉयल कमिशनचा रिपोर्ट आला. त्या कमिशनपुढे दोन आया येऊन बोलल्या, त्यांच्या तरुण मुलांनी या नोटिशींनंतर जीव दिला होता. मी तो भाग एका बैठकीत वाचू शकले नाही.

एक भागाकार होता. शाळेतल्या मुलालाही कळेल की वर्षाची सरासरी म्हणजे प्रत्येक पंधरवड्याची कमाई नव्हे. तरी तो चार वर्षं चालला, कारण तो सिस्टीममधून येत होता आणि ज्याला पटत नव्हतं त्याने सिद्ध करायचं होतं.

नेदरलँड्सची गोष्ट इथे पूर्ण सांगत बसत नाही, तिच्यावर भरपूर लिहिलं गेलंय. तिथे मुलांच्या पाळणाघराच्या खर्चासाठी मिळणाऱ्या सरकारी भत्त्यात फसवणूक शोधायला टॅक्स खात्याने २०१३ पासून रिस्क मॉडेल वापरलं, त्यात डच नागरिक नसणं हा एक रिस्क फॅक्टर होता, आणि नियम असे कडक की एखादी सही राहिली तरी पूर्ण रक्कम परत मागायची. हजारो कुटुंबं कर्जात बुडाली, हजाराहून जास्त मुलं आईबापांपासून काढून सरकारी देखरेखीत ठेवली गेली, आणि जानेवारी २०२१ मध्ये पंतप्रधान रुटे यांच्या अख्ख्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. त्यानंतर त्या देशाने सरकारी अल्गोरिदमचं जाहीर रजिस्टर सुरू केलं, ते चांगलंच आहे, पण रजिस्टरमध्ये नाव आहे म्हणून नोटीस आलेल्या माणसाला काही मदत होते का, तर त्याला नोटीस कशावरून निघाली हेच जर कळत नसेल तर नाही होत.

मला उलट एक जुनी गोष्ट जास्त शिकवते. थेरॅक-२५ हे रेडिएशन देणारं मशीन, कॅन्सरच्या उपचारासाठी. १९८५ ते १९८७ मध्ये या मशीनने सहा पेशंट्सना कितीतरी पट जास्त डोस दिला, काही जण त्यात गेले. टेक्सासमधल्या टायलर गावच्या कॅन्सर सेंटरमध्ये मार्च १९८६ मध्ये ऑपरेटरने उपचाराचा प्रकार टाकताना चुकून दुसरं अक्षर टाइप केलं, तिला लगेच कळलं, कर्सर वर नेऊन दुरुस्त केलं, रोजचं काम असल्यामुळे बोटं भराभर चालायची. स्क्रीनवर आलं "मालफंक्शन ५४". मॅन्युअलमध्ये त्याचा अर्थ काय हे धड नव्हतं, आणि असले मेसेज रोजच यायचे, ते आले की पी दाबून पुढे जायचं अशीच सवय, तिने पी दाबलं. आतल्या पेशंटला दुसऱ्यांदा डोस बसला, आणि त्या दिवशी आत बघायचा कॅमेरा बंद, इंटरकॉमही बंद. कंपनीचे इंजिनियर आले, त्यांच्याकडे तो एरर काही केल्या येईना, म्हणाले की हे मशीन जास्त डोस देऊच शकत नाही, कदाचित विजेचा शॉक बसला असेल. मशीन पुन्हा सुरू केलं आणि चारच दिवसांत, ११ एप्रिलला, तीच ऑपरेटर, तोच मेसेज, दुसरा पेशंट.

मग तिथले हॉस्पिटल फिजिसिस्ट फ्रिट्झ हेगर आणि ती ऑपरेटर, दोघं मशीनपाशी बसले. तिला आपण काय काय टाइप केलं ते नीट आठवत होतं. पुन्हा पुन्हा करून त्यांना कळलं की स्पीडचा प्रश्न आहे, दुरुस्ती फार पटकन केली तरच हा एरर येतो, कारण आतले मॅग्नेट सेट व्हायला साधारण ८ सेकंद लागायचे आणि त्या वेळात केलेला बदल प्रोग्रॅमच्या एका भागाला कळायचाच नाही. कंपनीचे इंजिनियर सावकाश टाइप करत होते म्हणून त्यांना कधी दिसलाच नाही! हीच चूक आधीच्या थेरॅक-२० च्या सॉफ्टवेअरमध्येही होती, पण त्यात हार्डवेअरचं कुलूप होतं, गडबड झाली की फ्यूज उडायचा आणि पेशंट वाचायचा. नव्या मशीनमध्ये सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवून ती कुलुपं काढली होती.

बघा, बग शोधला कोणी, तर जी बाई रोज त्या मशीनपाशी बसते तिने, आणि तिचं म्हणणं खरं धरून तिच्यासोबत बसलेल्या माणसाने. जो हॅमिल्टन हेल्पलाइनवर होत्या तेव्हा असं कोणी त्यांच्यासोबत बसलं असतं तर? त्यांच्याकडेही स्टेप्स होत्याच की.

म्हणून मला वाटतं की एआयच्या नैतिकतेवर मोठमोठी चर्चासत्रं चालतात, यंत्राला जाणीव येईल का वगैरे, त्याच्या आधी हा साधा विषय घ्यायला पाहिजे की यंत्राने एखाद्याच्या विरुद्ध काही सांगितलं तर त्या माणसाच्या हातात काय असतं. युरोपच्या जीडीपीआरमध्ये, म्हणजे लोकांच्या खासगी माहितीबद्दलच्या कायद्यात, कलम २२ आहे, २०१८ पासून लागू, की ज्या निर्णयाचा माणसावर मोठा परिणाम होतो तो निव्वळ मशीनने घेतलेला नसावा, असा त्याला हक्क आहे. ऐकायला छान आहे पण "निव्वळ" या अटीत सगळी पळवाट आहे, मशीनचा निर्णय आला आणि कर्मचाऱ्याने न बघता ओके दाबलं की झाला माणसाचा निर्णय. डिसेंबर २०२३ मध्ये युरोपच्या कोर्टाने शूफा या क्रेडिट स्कोअर काढणाऱ्या जर्मन कंपनीच्या केसमध्ये ही पळवाट थोडी बुजवली, की बँक जर क्रेडिट स्कोअरवरच मुख्यतः अवलंबून असेल तर तो स्कोअर काढणं हाच निर्णय मानायचा. चांगला निकाल आहे. पण ओके दाबणाऱ्या कर्मचाऱ्याला नाही म्हणायचा अधिकार आहे का, नाही म्हटलं तर त्याच्या टार्गेटवर परिणाम होतो का, त्याला एका केसला किती मिनिटं मिळतात, हे कुठलं कोर्ट बाहेरून बघणार? हे आतल्याच लोकांनी बोलायला हवं.

यावर लोक म्हणतात की दर वेळी कॉम्प्युटर बरोबर होता हे सिद्ध करायचं म्हटलं तर कोर्टं ठप्प होतील. मान्य, प्रत्येक पार्किंगच्या दंडाला सोर्स कोड उघडून बसता येणार नाही. पण मी जे मागतेय ते आधीच तयार असतं हो! माहीत असलेल्या बग्सची यादी असते, शेवटचा ऑडिट रिपोर्ट असतो, कोणी कधी डेटा बदलला त्याचा लॉग असतो, याच प्रकारच्या किती तक्रारी आल्या त्याचा आकडा असतो. ज्याला एखाद्याकडून पैसे वसूल करायचेत किंवा त्याला तुरुंगात पाठवायचंय त्याने हे चार कागद आधी द्यावेत, मागितल्यावर सुद्धा नाही, आधी. ब्रिटनमधल्या काही वकील आणि कॉम्प्युटर सायंटिस्ट मंडळींनी सरकारला साधारण हेच सुचवलं होतं, आधी हे कागद उघड करायचे आणि त्यात काही गडबड दिसली तरच पुढे सिस्टीम विश्वासार्ह आहे हे दाखवायची जबाबदारी ती वापरणाऱ्यावर. हे कागद नसतील तर? मग ती सिस्टीम कोणाविरुद्ध पुरावा म्हणून वापरायच्या लायकीचीच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि आमच्या धंद्यातल्या लोकांना पण सांगायचंय. मी अशा प्रोजेक्टवर काम केलंय जिथे "संशयास्पद" शिक्का कधी मारायचा याच्या रिक्वायरमेंट्स पानंच्या पानं होत्या आणि तो शिक्का काढायचा कसा यावर एक ओळ नव्हती. मी विचारलं की चुकून लागला तर? उत्तर आलं, सपोर्टला मेल करतील. सपोर्टकडे तो शिक्का काढायचा ॲक्सेसच नव्हता. मी तो बग म्हणून टाकला, त्यावर "हा बग नाही, स्कोपमध्ये नाही" असं लिहून बंद झाला, मी पुन्हा उघडला, पुन्हा बंद झाला, शेवटी मी तो रिलीजच्या रिपोर्टमध्ये सगळ्यात वर लिहिला आणि सही करायला नकार दिला. दोन आठवडे खूप वाद झाले. मग स्क्रीन आली. साधीच आहे, कुठल्या नोंदीवरून शिक्का लागला ते दाखवते, हे चुकीचं आहे असं कळवता येतं, आणि ते ज्या माणसाकडे जातं त्याला शिक्का काढता येतो. तेवढं करायला डेव्हलपरला फार दिवस लागले नाहीत.

जुलै २०२५ मध्ये सर विन विल्यम्स यांच्या होरायझन चौकशीचा पहिला भाग आला, त्यात म्हटलंय की १३ जणांच्या आत्महत्येमागे हे प्रकरण असण्याची शक्यता आहे. त्याच वर्षी जानेवारीत ब्रिटनच्या न्याय खात्याने कॉम्प्युटर बरोबरच असतो या गृहीतकाचं काय करायचं यावर लोकांकडून मतं मागवली. कलम ६९ जाऊन पाव शतक झाल्यावर. जे लोक सॉफ्टवेअर लिहितात, टेस्ट करतात, सपोर्टला बसतात त्यांनी अशा ठिकाणी आपण होऊन लिहायला पाहिजे, कारण वकिलांना कायदा माहीत असतो पण "रिप्रोड्यूस होत नाही" म्हणून बंद केलेल्या बगमध्ये काय काय दडलेलं असतं हे आपल्यालाच माहीत असतं. तुमच्या देशात, तुमच्या खात्यात असा मसुदा निघाला की त्यात एवढं एक वाक्य मागा, की नोटिशीसोबत त्या सिस्टीमच्या माहीत असलेल्या चुकांची यादी जोडलेली असली पाहिजे.